‘ॲक्शन’च्या अलीकडे

खलनायक पडद्यावर आला आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मोठ्यानं नाही, तोंडावर हात दाबला तरी नाकातून सुटतं तसं. मग शेजारचं कुणीतरी हसलं, मग पुढच्या रांगेतल्या दोन बायकांचे खांदे हलायला लागले, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलेली ती, जिनं हा चित्रपट कापला-जोडला होता, जागच्या जागी गार पडली. पडद्यावर विधवा भावजय बॅग घेऊन दारात उभी होती आणि तिचा थोरला दीर जिना उतरत गरजत होता, ‘‘या घरातून माझ्या परवानगीशिवाय वारासुद्धा बाहेर जात नाही!’’ भुवई चढलेली, गालावर व्रण, हातात मुठीची काठी. हे दृश्य तिनं कितीदा पाहिलं असेल याला काही हिशोब नव्हता. पुढं-मागं करून, आवाज बंद करून, उलटंसुद्धा. त्यात हसण्यासारखं काही आहे हे एकदाही लक्षात आलं नव्हतं, आणि आता दुसरं काही दिसेचना. ती भुवई म्हणजे सुटून आलेला खिडकीच्या पडद्याचा हुक वाटायला लागली. पहिल्या रांगेत टक्कल पडलेलं एक डोकं ताठ बसून होतं. ते मास्तरांचं. पडद्यावर गरजणारे तेच, आणि खाली खुर्चीत बसून ते हसू ऐकणारेही तेच.

शो संपल्यावर दिग्दर्शकानं तिला कोपऱ्यात गाठलं. त्याचा हा पहिलाच मोठा चित्रपट. ‘‘ताई, लोक हसले.’’

‘‘हं.’’

‘‘हं काय? ती बाई घरातून पळून का जात नाही, याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे, तो माणूस. त्यालाच लोक हसले तर उरलं काय? एक दार आणि एक वेडी बाई.’’ त्यानं डोक्यावरून हात फिरवला. ‘‘परत शूटिंग होणार नाही. जे आहे त्यातूनच काढ काहीतरी.’’ मागून मास्तर आले. त्यांनी आयुष्यभर नाट्यशाळेत अभिनय शिकवला होता, म्हणून मास्तर. त्यांचे विद्यार्थी नावारूपाला आले आणि ते स्वतः मात्र न्यायाधीश, ‘आय ॲम सॉरी’ म्हणणारे डॉक्टर, शेजारी, असल्या दीड-दीड मिनिटांच्या भूमिका करत राहिले. एवढी मोठी भूमिका पहिल्यांदाच, तीही या वयात. त्यांनी तिच्या खांद्याला हलकेच हात लावला. ‘‘एडिटरबाई, जरा जास्त झालं का हो माझ्याकडून?’’ ती म्हणाली, ‘‘नाही मास्तर, माझंच काहीतरी चुकलंय.’’ हे खरं होतं की नुसतं बरं दिसावं म्हणून म्हटलेलं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती एडिटिंगच्या खोलीत सगळं चित्रण पहिल्यापासून बघत बसली. खोलीला खिडकी होती, पण काळ्या कापडानं झाकलेली; दुपार असो की सकाळ, आत एकच रंग. आधी तिनं गर्जना कमी केल्या, खलनायकाचं हसणं कापलं, काठी काढली. माणूस बारीक झाला, भीतीदायक काही झाला नाही. भीती कशाची वाटते माणसाला, असं ती स्वतःला शहाण्यासारखं विचारायला लागली, आणि उत्तराऐवजी एक जुनी दुपार आली. ती शाळकरी होती. आई खुर्चीत, ती आईच्या पायांशी पाठ करून बसलेली, आई तिचे केस विंचरत होती आणि शेजारणीबद्दल काहीतरी गमतीचं सांगत होती. बोलता बोलता आई थांबली. कंगवा केसांत तसाच. ती वाट बघत बसली. कंगवा पुढं सरकेना, शब्द येईना, आणि मान वळवून आईचं तोंड बघायचं धाडस होईना. कारण वळून पाहिलं आणि तिथं आई नसली तर? हात आईचा, साबणाचा वास आईचा, पण आत आई नसली तर? मग कंगवा पुन्हा चालायला लागला आणि शेजारणीची गोष्ट होती तिथून पुढं सुरू झाली. आई कशानं थांबली होती हे तिनं कधी विचारलं नाही. आता विचारायला आई नाही. त्याआधी आणि त्यानंतर पडद्यावर तिनं कितीतरी खलनायक पाहिले, सुरे, दात, ॲसिडच्या टाक्या, सगळं. पण खरी भीती बसली ती त्या थांबलेल्या कंगव्याची. आणि खरंच तेवढा वेळ कंगवा थांबला होता का? की मधल्या वर्षांत तिनंच तो क्षण ताणून ताणून एवढा लांब केला? तिचा धंदाच तो.

असा विचार करत असतानाच तिचा हात पुढं पळवण्याच्या बटणावरून निघाला आणि समोर मास्तर नुसतेच बसलेले दिसले. कॅमेरा ‘ॲक्शन’ म्हणायच्या थोडा आधीपासून चालू असतो आणि ‘कट’ म्हटल्यावरही जरा चालू राहतो. ते कडेचं चित्रण कुणी बघत नाही. नट तेव्हा नाक पुसतो, संवाद पुटपुटतो, जांभई देतो. मास्तर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, खलनायकाच्या कपड्यांत, आणि कॅमेऱ्याच्या उजवीकडे कुणाकडे तरी बघत होते. भुवई चढलेली नव्हती. ओठ जरासे उघडे. राग नाही, लोभ नाही, ओळख नाही. समोर जे कोण होतं त्याच्याकडे ते असे बघत होते की खुर्ची आहे की माणूस, हे अजून ठरायचं आहे. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं मागं जाऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा काटा. मग तिनं भावजयीचा दारातला शॉट घेतला, ‘‘भाऊजी, मी जाऊ?’’ एवढंच वाक्य ठेवलं, आणि उत्तराच्या जागी, सगळी गर्जना काढून टाकून, ही नजर लावली. ती बाई दारातून का हलत नाही, हे आता सांगावं लागत नव्हतं.

मग तिला चटकच लागली. ती कडेचं चित्रण धुंडाळायला लागली. मास्तर टेबलाशी संत्रं सोलतायत आणि निम्म्यात हात थांबलाय, सोललेल्या फोडीकडे बघतायत. हा जेवणाच्या दृश्यात गेला. मास्तर जिना चढताना मधल्या पायरीवर थांबलेत, वर जायचं की खाली हे जणू पायांनाच ठाऊक नाही. हा रात्रीच्या दृश्यात. मास्तर आरशात बघतायत. आरशातल्या माणसाला ते ‘हं?’ असं काहीतरी म्हणतात. तोही घेतला. प्रत्येक तुकडा निवडताना तिची कसोटी एकच, कंगवा थांबल्यासारखं वाटतं का. घरी गेल्यावर तिला थकल्यासारखं व्हायला हवं होतं, पण डोळे मिटेनात. एका संध्याकाळी जेवताना नवरा घास हातात धरून थांबला आणि भिंतीकडे बघत राहिला. स्वभावानं तो इतका सौम्य की दारात आलेल्या विक्रेत्याला नको म्हणायचं तरी तिला पुढं करायचा. पण त्या क्षणी तिच्या मनात आलं, या माणसाबद्दल मला काय माहीत आहे? हा आत्ता कुठे आहे?

‘‘काय बघतेस गं?’’ तो म्हणाला.

‘‘तू काय बघत होतास?’’

‘‘मी? काही नाही. गॅस बंद केला का, ते आठवत होतो.’’

ती उठून बघून आली. गॅस बंद होता. पण त्यानं तिचं समाधान झालं नाही. गॅस हे उत्तर फारच सोयीचं वाटलं.

पुढच्या ट्रायल शोला कुणी हसलं नाही. भावजय म्हणाली, ‘‘भाऊजी, मी जाऊ?’’ आणि मास्तरांनी पायरीवरून पाहिलं, तेव्हा खोकणारा एक माणूस खोकायचा थांबला. एका बाईनं पायाशी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. दिवे लागल्यावर लोक जरा वेळ बसूनच राहिले आणि मग एकमेकांशी गरजेपेक्षा मोठ्या आवाजात बोलायला लागले. दिग्दर्शकानं तिचे दोन्ही हात धरले. ‘‘ताई, हा माणूस लोक विसरणार नाहीत. घरी जाऊन दिवा लावून झोपतील.’’ मास्तर त्या दिवशी आले नव्हते. ते दुसऱ्या दिवशी सरळ एडिटिंगच्या खोलीत आले, स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, ‘‘सगळे फोन करतायत. मी असं काय केलंय ते मला बघू द्या तरी.’’

तिनं ते दृश्य लावलं. मास्तर बघत होते आणि ती मास्तरांकडे चोरून बघत होती. पडद्यावरची नजर आली तशी त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या मान मागं घेतली. ‘‘हा कुठला टेक?’’

‘‘टेक नाही, मास्तर. ‘ॲक्शन’च्या आधीचं आहे. तुम्ही नुसते बसला होतात.’’ आणि मग घाईघाईनं, ‘‘म्हणजे, तुमची परवानगी घ्यायला हवी होती मी. पण इतकं सुंदर आलं होतं…’’

‘‘पुन्हा लावा.’’ तिनं लावलं. ‘‘संगीत बंद करून लावा.’’ तिनं तसं लावलं. ‘‘आता ती बाई काढा. नुसता मी.’’ तिनं तेही केलं. मग हसल्यासारखं करून म्हणाले, ‘‘एडिटरबाई, अंगातल्या शर्टावरून मी दिवस ओळखला. त्या दिवशी आमची ही आली होती सेटवर, गोळ्या द्यायला. मी सकाळी विसरलो होतो. ती तिथं उजवीकडे उभी होती, दिव्यांच्या पलीकडे. मी हिच्याकडे बघतोय.’’ त्यांनी बोट पडद्याला लावलं. ‘‘हा अभिनय नाही. मी माझ्या बायकोकडे असा बघतो?’’

ती म्हणाली, ‘‘मास्तर, हे सगळं जोडण्यावर असतं. याच शॉटच्या आधी मी फुलं दाखवली तर लोक म्हणतील, किती प्रेमानं बघतोय.’’ हे ती नवशिक्यांना नेहमी सांगायची, आणि ते खरंही होतं. तिनं करूनही दाखवलं; दुसऱ्या दृश्यातली बाग आधी जोडली. क्षणभर नजर खरंच मऊ झाली. मग पुन्हा तिच्यातून ते दुसरं वर आलं. दोघांनीही ते पाहिलं. ‘‘मी काढून टाकते,’’ ती म्हणाली. मास्तर चटकन म्हणाले, ‘‘काढू नका! लोक घाबरले ना? मग काढू नका.’’ आणि थोड्या वेळानं, स्टुलाच्या कडेवर नख घासत, ‘‘पण थिएटरात बघण्याआधी हिला इथं दाखवू या. तिला एकदम… बरं दिसणार नाही.’’

मास्तरांची बायको दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याबरोबर आली. दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांची नावं लिहून घेण्याचं काम करून निवृत्त झालेली, ठेंगणी, नीटनेटकी बाई. जिने चढून दम लागला होता तरी तिनं आधी मास्तरांना बसवलं. दृश्य सुरू झालं. मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते, बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. परीक्षेचा निकाल दुसऱ्याच्या हातात असावा तसे. ती शांतपणे शेवटपर्यंत बघून म्हणाली, ‘‘छान झालंय की.’’

‘‘छान काय? अगं, मी तुझ्याकडे बघतोय तिथं. तू गोळ्या घेऊन आली होतीस. असा बघतो मी तुझ्याकडे?’’

‘‘छे हो! डोळ्यांवर बत्ती होती तुमच्या एवढी मोठी. मी समोर उभी, पण तुम्हाला दिसतेय कुठे!’’

मास्तरांनी श्वास सोडला. ‘‘बत्ती होती, नाही का? हो हो. होतीच. बत्ती डोळ्यांवर असली की काही दिसत नाही हो, एडिटरबाई.’’ ते एकदम बोलके झाले, उठले, टॅक्सी बघतो म्हणाले. बायको म्हणाली, ‘‘व्हा पुढं. पण दारातच थांबायचं हं. मी आल्याशिवाय रस्त्यावर उतरायचं नाही.’’ ते ‘बरं’ म्हणून गेले. इतक्या मोठ्या माणसाला हे कुणी सांगावं आणि त्यानं बरं म्हणावं, हे एडिटरबाईच्या कानाला खटकलं. पण त्याहून खटकलं होतं ते पडद्यावर थांबलेलं चित्र. मास्तरांच्या डाव्या गालावर उजेड होता, खिडकीचा, बाजूनं आलेला. समोरून काहीच नव्हतं. समोर बत्ती असती तर डोळे बारीक झाले असते. ते तर टक्क उघडे होते.

जिन्यावरची पावलं खाली गेली तशी मास्तरांची बायको म्हणाली, ‘‘तुम्ही काही बोलला नाहीत, बरं केलंत.’’

‘‘कशाबद्दल?’’

‘‘उजेडाबद्दल. तुमचं कामच आहे ते, तुम्हाला कळलंच असणार.’’ तिनं पदरानं कपाळ टिपलं. ‘‘समोर जाऊन उभी राहिले त्या दिवशी. नाव घेऊन हाक मारली. त्यांनी ओळखलं नाही मला. थोडा वेळच. मग म्हणाले, अगं, तू कधी आलीस?’’

खोलीतलं यंत्र घुमत होतं. ‘‘डॉक्टर?’’ एवढंच ती म्हणाली.

‘‘त्यांना सांगितलंय, वय झालं, विसरायला होतं. पुढचं मला सांगितलंय.’’ बाई पडद्याकडे बघत होती. ‘‘असं आणखी कुठं कुठं घेतलंय तुम्ही?’’

तेव्हा तिच्या डोक्यात एकेक करून सगळं उजाडलं. संत्रं सोलता सोलता थांबलेला हात. पायरीवर अडलेले पाय. आरशातल्या माणसाला विचारलेलं ‘हं?’. ती निवडक निवडक वेचत गेली होती आणि वेचले होते ते सगळे असे क्षण, जेव्हा मास्तर तिथं नव्हते. एक माणूस हळूहळू पुसला जात होता आणि त्या पुसलेल्या जागा जोडून तिनं राक्षस बनवला होता. ‘‘मी सगळं काढते,’’ ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. ‘‘आजच काढते. मला खरंच माहीत नव्हतं हो.’’

‘‘लोक घाबरले म्हणे बघून?’’

‘‘हो.’’

‘‘सगळे?’’

‘‘सगळेच.’’

‘‘मग राहू द्या.’’ बाई स्टुलावर बसली, पहिल्यांदाच. ‘‘मला वाटायचं, मीच मेली घाबरट. घरात आम्ही दोघंच. ते असं बघायला लागले की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. काही करत नाहीत ते, कधी आवाजसुद्धा चढवला नाही आयुष्यात. पण आपल्याच माणसाला भ्यायचं… लाज वाटते हो. कुणाला सांगणार?’’ मग पर्स काखेत धरून उठली. ‘‘एवढ्या लोकांना भीती वाटली म्हणजे माझ्यात काही वाईट नाही. राहू द्या ते.’’ आणि दारातून वळून, ‘‘त्यांना ते करून दाखवल्यासारखं वाटू द्या.’’

ती गेल्यावर एडिटरबाई पुन्हा यंत्राकडे वळली. मास्तरांनी काढू नका म्हटलं होतं, पण त्यांना ठाऊक नव्हतं. बायकोनं राहू द्या म्हटलं होतं, आणि तिला सगळं ठाऊक होतं. दोन होकार मिळून एक पुरा होकार होतो का? तिनं जुनी गर्जना पुन्हा लावून पाहिली. भुवई, व्रण, काठी. लोक हसतील, शुद्धीवर असलेल्या मास्तरांना हसतील, त्यांच्या आयुष्यभराच्या शिकण्या-शिकवण्याला हसतील. ही नजर ठेवली तर भितील. पण भितील ते त्यांच्या आजाराला. यातली दया कुठली आणि चोरी कुठली? तिनं नजरेचा शॉट काढला, लावला, थोडा आखूड केला, पुन्हा लांब केला. आधी तो बघून अंगावर काटा यायचा. आता आधी गोळ्या घेऊन समोर उभी राहिलेली बाई दिसायची. आणि मग, हे सगळं माहीत असूनही, काटा यायचाच. त्याचं तिला जास्त भय वाटलं. संध्याकाळी दिग्दर्शक डोकावला. ‘‘ताई, ठरलं ना? पाठवू पुढं?’’ तिनं मान हलवली. ती हो म्हणाली की नुसती मान अवघडली होती म्हणून हलवली, याचा उलगडा तिला पुढंही झाला नाही. चित्रपट गेला तो त्या नजरेसकट.

पहिल्या खेळाला थिएटर गच्च भरलं होतं. ती मागं उभी राहिली. पडद्याकडे तिनं पाहिलंच नाही, माना बघत राहिली. ‘‘भाऊजी, मी जाऊ?’’ आलं आणि त्या सगळ्या माना एकदम स्थिर झाल्या. खेळ संपल्यावर बाहेरच्या दालनात मास्तरांभोवती कोंडाळं जमलं. एक तरुण वार्ताहर मुलगी विचारत होती, ‘‘सर, ती नजर कशी आणलीत?’’ आणि मास्तर, नवा कोट घातलेले, एका हातानं हवेत आकार काढत समजावत होते. ‘‘खलनायकानं द्वेष केला की तो छोटा होतो. द्वेष ही सुद्धा ओळखच झाली ना! मी ठरवलं, समोरचं माणूस मला कुणीच नाही. बायको असली तरी नाही. डोळे उघडे ठेवायचे आणि आतून निघून जायचं. याची तयारी मी कित्येक दिवस करत होतो.’’ मुलगी भराभरा लिहून घेत होती. शेजारी बायको मान हलवत होती, वर्गातल्या पहिल्या बाकावर बसल्यासारखी. हे ते खोटं बोलत होते, की त्यांना खरंच तसं आठवत होतं, की सांगता सांगता खरं होत होतं? सांगत होते ते तर बिनचूक होतं. चित्रपटात काम केलेल्या कुणाही नटानं याहून नेमकं सांगितलं नसतं.

गर्दी पांगली. ती पुढं झाली, अभिनंदन करावं म्हणून. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ जरासे उघडे राहिले. एवढ्या जवळून, मध्ये पडदा नसताना, ती नजर तिच्यावर पहिल्यांदाच येत होती. तिला स्वतःचंच नाव क्षणभर अनोळखी वाटलं. मास्तरांची बायको सहज आवाजात म्हणाली, ‘‘अहो, या आपल्या चित्रपटाच्या एडिटरबाई.’’

‘‘अरे वा!’’ मास्तरांनी अदबीनं हात जोडले. ‘‘नमस्कार, नमस्कार. म्हणजे माझं काम तुम्ही पाहिलं असणार.’’

‘‘हो मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं पाहिलंय.’’

ते एक पाऊल जवळ आले. इकडे-तिकडे बघून आवाज खाली आणला. ‘‘मग खरं सांगा हं. भीड धरू नका. वाटते का हो माझी भीती?’’

ती बायकोकडे बघणार होती, पण बघितलं नाही. ‘‘वाटते,’’ ती म्हणाली. ‘‘फार वाटते.’’

मास्तरांचा चेहरा खुलला. कान, कपाळ, गळा, सगळं हसायला लागलं. ‘‘ऐकलंस?’’ ते बायकोला म्हणाले. ‘‘ऐकलंस का, या काय म्हणतायत?’’

‘‘ऐकलं,’’ बायको म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. ‘‘चला आता. सावकाश. पुढं पायरी आहे.’’